पुठ्ठ्याच्या विटा

[काळा पडदा. फक्त गर्दीचा गोंगाट.]

६ जुलै १९७७. मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या दौऱ्याची शेवटची रात्र. पुढच्या रांगांतली पोरं ओरडताहेत, फटाके फोडताहेत. गाणं ऐकायला कुणी आलंय की नाही, कळत नाही. बँडमधल्या रॉजर वॉटर्सचा तोल जातो आणि स्टेजजवळ धडपडणाऱ्या एका चाहत्याच्या अंगावर तो थुंकतो.

नंतर त्याची त्यालाच लाज वाटली. पण डोक्यात एक विचारही राहिला : आपल्यात आणि या लोकांमध्ये सरळ भिंतच बांधली तर?

३० नोव्हेंबर १९७९ ला त्यांचा ‘द वॉल’ हा अल्बम बाजारात आला. दोन तबकड्या, २६ तुकडे आणि गोष्ट एकच. पिंक नावाचा एक रॉकस्टार. युद्धात गेलेला बाप, पदराआड कोंडणारी आई, टोचून बोलणारे मास्तर, मोडलेला संसार. एकेक घाव म्हणजे एकेक वीट. यातला बाप वॉटर्सचा स्वतःचाच. १९४४ मध्ये इटलीत आन्झिओला तो मारला गेला, तेव्हा रॉजर पाच महिन्यांचा होता.

तरीही, खरं सांगायचं तर, ही एका श्रीमंत गायकाची घरगुती कुरकुर. जगाला तिचं काय?

[शाळेचं रिकामं मैदान. घंटा.]

उत्तर लंडनमधली इझलिंग्टन ग्रीन शाळा. फ्लॉइडचा स्टुडिओ तिथून जवळच. बँड होता लॉस एंजेलिसमध्ये, पण निर्माता बॉब एझरिनला अल्बममधल्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ या गाण्याच्या दुसऱ्या भागात मुलांचे आवाज हवे होते. शाळेतले संगीताचे शिक्षक २३ मुलं घेऊन स्टुडिओत गेले. गळा तयार केलेली नव्हेत, वर्गातली साधी मुलं. त्यांचेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवले आणि तेवीसांची अख्खी शाळा झाली! उच्चार ठेट लंडनच्या गल्लीतले. व्याकरण तर विचारूच नका, ‘वी डोन्ट नीड नो एज्युकेशन’, एकाच वाक्यात दोन-दोन नकार. शिक्षण नको म्हणणाऱ्या गाण्याला दुसरं काय शोभणार?

मुख्याध्यापिकांनी शब्द वाचले आणि मुलांना टीव्हीवर दिसायला मनाई केली. शाळेला १००० पौंड मिळाले. मुलांना दमडी नाही. २००४ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर, त्यातल्या काहींनी आपलं मानधन मागितलं.

[दक्षिण आफ्रिका. शाळेच्या गणवेशातली मुलं, हातात फलक.]

१९८०. वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार घातला. वर्ग, पुस्तकं, शिक्षक, सगळ्यातच त्यांच्या वाट्याला डावं माप. रस्त्यावर उतरलेल्या या मुलांच्या तोंडी हेच गाणं होतं. सरकारनं त्यावर बंदी घातली.

आता गंमत बघा. या मुलांना शिक्षण नको नव्हतं. हवंच होतं, गोऱ्या मुलांना मिळतं तसलं हवं होतं. गाण्याचे शब्द त्यांच्या मागणीच्या बरोबर उलटे! तरी गाणं कुणावर रोखायचं, हे वॉटर्सपेक्षा त्यांना नेमकं कळलं होतं.

[स्टेज. विटा चढताहेत.]

‘द वॉल’च्या कार्यक्रमात स्टेजवरची भिंत पुठ्ठ्याची होती. उंची ४० फूट. कार्यक्रम चालू असतानाच कामगार ती रचत जायचे, मध्यंतरापर्यंत बँड तिच्याआड गडप. १९८०-८१ मध्ये चारच शहरांत हा खेळ झाला आणि बँडला तो तोट्यात गेला. कीबोर्ड वाजवणाऱ्या रिचर्ड राइटला वॉटर्सनं आधीच बँडबाहेर काढलं होतं, तो पगारावर वाजवत होता. नफ्यात राहिला तो एकटाच!

२१ जुलै १९९०. बर्लिन, पॉट्सडामर प्लाट्झ. खरी भिंत कोसळून आठ महिने झालेत. जिथे पाय टाकला तर गोळी बसायची, त्या पट्ट्यात वॉटर्स पुन्हा भिंत रचतो आणि पाडतो. आता बँड सुटलाय, पण समोर दोन लाखांहून जास्त लोक आहेत.

[बेथलेहेम. करडं काँक्रीट.]

२००६. ही भिंत इस्रायलनं पॅलेस्टिनी वेस्ट बँकेत उभारलेली. इथे ना पुठ्ठा, ना कामगार. साठी ओलांडलेला वॉटर्स रंगाचा डबा उचलतो आणि त्या तेवीस मुलांनी गायलेली दुसरी ओळ, ‘वी डोन्ट नीड नो थॉट कंट्रोल’, काँक्रीटवर लिहितो. दोन्ही नकारांसकट.