दोन सेकंदांचा गॅमा किरण स्फोट उपग्रह कसा मोजतो? आणि औंढ्याचा त्याच्याशी काय संबंध?

नमस्कार मंडळी. आज औंढा नागनाथहून बोलतोय. माझ्या मागं हळदीचं शिवार दिसतंय ना, त्याच्याही पलीकडं दुधाळा गावाच्या बाजूला लायगो-इंडिया या वेधशाळेची जागा आहे. इथं मोठी दुर्बीण बसणार, असं आपल्या जिल्ह्यात बरेच जण सांगतात. ती दुर्बीण नाही. मग ती काय आहे आणि तिची गरज कुणाला आहे, हे नीट कळायचं तर आधी एका उपग्रहाची गोष्ट ऐकावी लागेल.

17 ऑगस्ट 2017. गुरुवार होता. श्रावण सरत आलेला, पोळा चार दिवसांवर. आपल्या घड्याळात संध्याकाळचे 6 वाजून 11 मिनिटं झाली होती. त्या क्षणी, जमिनीपासून पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या नासाच्या फर्मी उपग्रहावर गॅमा किरणांचे आकडे एकदम वर उसळले. अर्धा सेकंद जोर, मग थोडी मंद शेपटी, आणि सगळं पूर्ववत. एकूण दोनेक सेकंदांचा मामला. 14 सेकंदांत जगभरच्या वेधशाळांना इशारा पोचला, तोही आपोआप. कुणी बटण दाबलेलं नव्हतं.

गॅमा किरण म्हणजे प्रकाशच, पण फार जास्त ऊर्जेचा. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणात दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असते. या स्फोटातल्या किरणांचा जोर होता 185 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे साठ-नव्वद हजार पटींनी जास्त. आपलं वातावरण हे किरण वरच्या वर शोषून घेतं. आपण जिवंत आहोत ते त्यामुळंही, आणि ते मोजायला अवकाशात जावं लागतं तेही त्यामुळंच.

(पडद्यावर: डिटेक्टरचं चित्र)

आता हा डिटेक्टर जवळून बघू, कारण खरी गंमत इथं आहे. 12.7 सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाडीची एक चकती. सोडियम आयोडाइडची, म्हणजे एका मिठाचाच स्फटिक, त्यात थोडं थॅलियम मिसळलेलं. गॅमा कण आत घुसला की स्फटिकात अगदी बारीकशी लुकलुक होते. मागं बसवलेली नळी ती लुकलुक पकडते आणि तिचा विजेचा ठोका करते. ठोका जितका उंच, तितकी त्या कणाची ऊर्जा जास्त. प्रत्येक ठोक्यावर वेळ नोंदली जाते, तीही सेकंदाच्या दोन दशलक्षांश भागापर्यंत. फर्मीवर अशा 12 चकत्या आहेत, आणि जास्त ऊर्जेच्या किरणांसाठी बिस्मथ जर्मनेटचे 2 जाड स्फटिक वेगळे.

पण ठोके सतत पडतच असतात. वैश्विक किरण, पृथ्वीचं वातावरण, सूर्य, सगळीकडून काही ना काही येत राहतं. मग स्फोट झाला हे यंत्राला कळतं कसं? ते आधीच्या काही सेकंदांची सरासरी धरून बसलेलं असतं. एकाच वेळी किमान दोन डिटेक्टरांत आकडा त्या सरासरीच्या बराच वर गेला, तरच ते इशारा देतं. दोनच का? एखाद्या डिटेक्टरला स्वतःचा भास होऊ शकतो. दोघांना एकदम भास होणं अवघड. फर्मीला वर्षाला असे साधारण 240 स्फोट सापडतात, त्यातले 40च्या आसपास लघु.

लघु म्हणजे दोन सेकंदांच्या आतला. आता स्फोट सुरू कधी झाला आणि संपला कधी, हे ठरवायचं कसं? सुरुवात आणि शेवट दोन्ही त्या सततच्या ठोक्यांत बुडालेले असतात. म्हणून शास्त्रज्ञ एक युक्ती करतात. स्फोटातून आलेल्या एकूण ठोक्यांपैकी 5 टक्के जमा झाले तिथून घड्याळ सुरू, 95 टक्के झाले की बंद. मधल्या काळाला टी-90 म्हणतात. आपल्या 2017 च्या स्फोटाचा टी-90 आला 2 सेकंद, अर्धा सेकंद इकडं-तिकडं. बरोबर हद्दीवर! ही दोन सेकंदांची हद्द 1990 च्या दशकातल्या एका उपग्रहाच्या नोंदींवरून ठरली. शेकडो स्फोटांचा आलेख काढला तेव्हा दोन उंचवटे दिसले आणि मधली खोलगट जागा दोन सेकंदांच्या आसपास होती. माझं मत विचाराल तर या हद्दीला फार चिकटून बसू नये. 2020 सालच्या एप्रिलमध्ये एक सेकंदापेक्षा खूप छोटा स्फोट दिसला, तो निघाला शेजारच्या आकाशगंगेतल्या प्रचंड चुंबकीय ताऱ्याचा. आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये मिनिटभर चाललेल्या स्फोटामागं चक्क दोन ताऱ्यांच्या टकरीच्या खुणा सापडल्या. नुसत्या घड्याळावरून जात ठरत नाही.

वेळ कळली, ऊर्जा कळली. अडतं ते दिशेला. गॅमा किरण भिंगानं किंवा साध्या आरशानं एका जागी गोळा करता येत नाहीत, ते आरपार जातात. म्हणून फर्मीच्या 12 चकत्या वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवल्यात. वळवाचा आडवा पाऊस पडून गेल्यावर घराभोवती फेरी मारली, की कुठली भिंत जास्त भिजली यावरून पाऊस कुठून आला ते सांगता येतं ना, तसंच. ज्या चकतीवर ठोके जास्त, ती स्फोटाच्या समोर. पण अशानं अंदाजच मिळतो. त्या दिवशी फर्मीनं दाखवलेला पट्टा होता 1,100 चौरस अंशांचा. पौर्णिमेचे पाच हजारांहून जास्त चंद्र शेजारी-शेजारी मांडले तर जेवढं आकाश झाकेल, तेवढं. त्यात एक आकाशगंगा शोधायची!

आणि आता औंढ्याचा विषय येतो. फर्मीला स्फोट दिसण्याच्या 1.7 सेकंद आधी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांमधून एक गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशातच उठलेला तरंग, गेली होती. दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे उरलेले अतिशय दाट गोळे, एकमेकांभोवती गरगरत शेवटी धडकले, त्याची ती लहर. पण या दोनपैकी लिव्हिंगस्टनच्या यंत्रात नेमका त्याच वेळी एक खरखराट आला, म्हणून आपोआप इशारा निघाला तो एकट्या हॅनफर्डच्या नोंदीवर. फर्मीचा इशारा समोर होता, म्हणून लोकांनी लिव्हिंगस्टनची नोंद हातानं तपासली. खरखर बाजूला काढली तेव्हा खाली लहर स्वच्छ सापडली. उपग्रहाचं काम इथं दिसतं.

तिसरं यंत्र इटलीतलं व्हर्गो. त्यात लहर जवळपास दिसलीच नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. व्हर्गो चालू होतं, चांगलं चाललं होतं, तरी नोंद नाही. म्हणजे स्फोट त्याच्या आंधळ्या कोपऱ्यात झालेला असणार! असे कोपरे कुठं असतात हे आधीच माहीत असतं. त्यावरून जागा आक्रसत 28 चौरस अंशांवर आली. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचंही तसंच. 2015 साली इस्रोनं सोडलेल्या या उपग्रहावर गॅमा स्फोट टिपणारं उपकरण आहे, त्यानं आजवर शेकडो स्फोट टिपलेत. त्या क्षणी त्याला काहीच दिसलं नाही. कारण स्फोटाची दिशा त्याच्यासाठी पृथ्वीच्या आड होती. त्या कोऱ्या नोंदीनंही गॅमा किरणांचा पट्टा अरुंद करायला मदत केली.

सुमारे 11 तासांनी चिलीतल्या एका दुर्बिणीला एनजीसी 4993 या आकाशगंगेत नवा ठिपका दिसला. अंतर साधारण 13 कोटी प्रकाशवर्षं. टकरीतून उडालेल्या द्रव्यात सोनं, प्लॅटिनम अशी जड मूलद्रव्यं तयार होताना त्याची ती चमक होती. हा हिशोब बघा: 13 कोटी वर्षं प्रवास करून लहर आणि गॅमा किरण यांच्यात अंतर पडलं फक्त 1.7 सेकंद. म्हणजे गुरुत्वीय लहरींचा वेग आणि प्रकाशाचा वेग यांत फरक असलाच तर तो एक हजार लाख कोटींत काही भागांपेक्षा जास्त नाही. सेकंदाचे बारीक तुकडे मोजणारी ती मिठाची चकती नसती, तर ही तुलना झालीच नसती.

एक कोडं मात्र होतं. स्फोट इतका जवळ असून गॅमा किरण फारच मंद होते, नेहमीच्या लघु स्फोटांपेक्षा हजारो पटींनी. कारण टकरीतून निघालेला किरणांचा झोत आपल्याकडं सरळ रोखलेला नव्हता, आपण त्याच्या बाजूला होतो. हे पुढं रेडिओ आणि क्ष-किरणांच्या कित्येक महिन्यांच्या नोंदींवरून पक्कं झालं. त्यात पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदीही आहेत.

आता दुधाळ्याकडं वळतो. इथं एल आकाराच्या दोन भुजा होणार, प्रत्येकी 4 किलोमीटरची. आतून लेसर जाणार. लहर गेली की भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी बदलते, तो बदल पकडायचा. हे यंत्र कुठं तोंड करून बघत नाही, काही आंधळे कोपरे सोडले तर चहूकडून येणारी लहर टिपतं. म्हणूनच एकट्याला त्याला दिशा नीट सांगता येत नाही. लहर कुठं आधी पोचली, कुठं नंतर, कुठं दिसलीच नाही, यावरून दिशा निघते. त्यासाठी वेधशाळा पृथ्वीवर एकमेकींपासून लांब हव्यात. दोन अमेरिकेत, एक इटलीत, एक जपानमध्ये. भारतातली जागा या सगळ्यांपासून वेगळ्या कोनात पडते, त्यामुळं दिशेचा अंदाज चांगलाच सुधारेल. केंद्रीय मंत्रिमंडळानं 2016 मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. आयआयटी मुंबईच्या पुढाकारानं दक्ष नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्तावही तयार आहे. पृथ्वीच्या दोन बाजूंना दोघं राहिले तर एकाच्या आड असलेलं दुसऱ्याला दिसेल. तो प्रस्ताव मंजूर व्हावा असं मला मनापासून वाटतं, कारण औंढ्यानं लहर पकडली आणि त्या क्षणी आपला उपग्रह पृथ्वीच्या आड असला, तर अर्धी माहिती हातची जाईल.

नांदेड, परभणी, हिंगोलीतल्या पदार्थविज्ञानाच्या मुलामुलींना एक सांगतो. फर्मीची ही सगळी नोंद नासाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळते. शोधायचा क्रमांक आहे 170817529. पहिले सहा आकडे म्हणजे तारीख, शेवटचे तीन म्हणजे जागतिक वेळेनुसार दिवसाचे हजारापैकी किती भाग उलटले होते ते. फाइल उतरवून घ्या. पायथॉनमध्ये ती कशी उघडायची, ठोके कसे मोजायचे आणि टी-90 स्वतः कसा काढायचा, ते पुढच्या व्हिडिओत करू.