वाफ दिसते, धूर दिसत नाही

(पहाट. एकलहऱ्याच्या चिमण्या.)

एकलहऱ्याच्या या कोळशावरच्या वीज केंद्राला नाशिककर नुसतं 'थर्मल' म्हणतात. दोनशे दहा मेगावॅटचे तीन संच, १९७९ ते १९८१ मध्ये सुरू झालेले. तो पांढरा लोट पाहून नवखा माणूस हमखास धूर म्हणतो. ती पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरची वाफ. धूर चिमणीतून निघतो आणि या उजेडात धड दिसतही नाही. इथे फिल्मवर फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरला छळतं ते नेमकं हेच. डोळ्यांत भरते ती निरुपद्रवी वाफ. छातीत जातं ते फोटोत येत नाही.

(कॅमेरा, हात, फिल्टर.)

म्हणून ही फोटोग्राफर चिमणीच्या पलीकडून सूर्य वर येईपर्यंत थांबते. उजेड समोरून आला की धुरातले बारीक कण चमकतात. कृष्णधवल फिल्मवर बाकीचे लोक धुरकटपणा कापायला लाल फिल्टर लावतात. ही निळा लावते. तिला तो धुरकटपणाच हवा असतो.

१२० चा रोल, बारा फ्रेम. घरी मिट्ट अंधारात, बोटांच्या अंदाजानं तो रिळावर चढवायचा. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, वीस अंशांवर हवा. नाशिकच्या मे महिन्यात नळाचं पाणी तिथवर आणायला बर्फच लागतो. मग उमटणं थांबवणारा स्टॉप बाथ, चित्र पक्कं करणारा हायपो, भरपूर धुणं. फोनवर हे दोन सेकंदांत उरकलं असतं, पण धूरही तितक्याच सहज पुसला गेला असता. निदान आम्हाला तरी तसं वाटतं.

(फाळके स्मारक, पांडवलेणीचा पायथा.)

१८७० साली त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाआधी फोटोग्राफर होते. कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, माणूस त्यानं मरतो, अशी तेव्हा समजूत होती. गिऱ्हाईक फिरकेना, स्टुडिओ बसला.

(ओझर. वर बघणारे चेहरे.)

परवानाकृत मिग-२१ लढाऊ विमानं इथल्या कारखान्यात तयार होत. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं. पुढच्याच महिन्यात इथल्या पहिल्या तेजस एमके-१ए लढाऊ विमानानं उड्डाण केलं. या फोटोग्राफरच्या ओझरच्या फोटोंत विमान नाही. कानांवर हात ठेवलेली, तरी हसणारी माणसं आहेत.

पुन्हा थर्मलकडे. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, राखच असते. ती कुठे जाते, ते तिच्या या रोलमध्ये नाही.

(प्रिंट वाळताहेत.)

थर्मलच्या कॉलनीतल्या काहींनी प्रिंट मागून नेल्या. सगळ्या वाफेच्या.