नऊशेचा दरवाजा, साडेसातशेची वाट

(आर्किटेक्ट, अभियंते आणि कंत्राटदार यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नकाशावर आपण दरवाजाजवळ ९०० असा आकडा लिहितो. हा आकडा कशाचा असतो? बहुतेक वेळा भिंतीतल्या मोकळ्या जागेचा. त्यात सुतार चौकट बसवतो, दोन्ही बाजूंना साठ-साठ मिलिमीटर जातात. मग दरवाजा उघडल्यावर फळीची जाडी वाटेत उभी राहते. प्रत्यक्ष माणसाला जायला साडेसातशेच्या आसपास वाट उरते. अमेरिकेच्या मानकात ही मोकळी वाट किमान ३२ इंच, म्हणजे साधारण ८१५ मिलिमीटर हवी. व्हीलचेअर कशीबशी आत जाईलही, पण ती ढकलणाऱ्या हातांची बोटं चौकटीवर सोलून निघतात. नकाशा मंजूर झालेला असतो, आकडाही ९०० च असतो आणि तरी तो दरवाजा बंदच असतो.

नवीन इमारतीसाठी प्रवेशसुलभतेचा, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता येईल असा, दाखला घेणं म्हणजे या हरवलेल्या मिलिमीटरांचा हिशेब देणं, असं मी समजतो. तो कधी द्यायचा आणि कुणापुढे द्यायचा, यावर मला आज बोलायचं आहे.

आधी दाखला म्हणजे काय ते पाहू, कारण हा शब्द देशोदेशी वेगळ्या अर्थानं वापरतात. आयर्लंडमध्ये १ जानेवारी २०१० पासून याचं स्वतंत्र प्रमाणपत्र आहे. स्वतंत्र घरं सोडली, तर दुकानं, कचेऱ्या, शाळा आणि फ्लॅटच्या इमारती, या सगळ्यांना ते लागतं. ते नसेल तर इमारत वापरात आणता येत नाही. पण त्याची भाषा नीट वाचा. ‘या नकाशांप्रमाणे बांधकाम केलं तर’ इमारत नियमांत बसेल, इतकंच ते सांगतं. त्या ‘तर’मध्ये अख्खं बांधकाम येतं. अमेरिकेत केंद्र सरकार एकेका इमारतीला असा दाखला देत नाही. १९९० चा तिथला दिव्यांगांविषयीचा कायदा हा नागरी हक्कांचा कायदा आहे, त्यामुळे चूक झाली की गाठ तक्रारीशी आणि न्यायालयाशी पडते. टेक्सास राज्यानं मात्र स्वतःची पद्धत बसवली आहे. ५० हजार डॉलर किंवा त्याहून जास्त खर्चाचं काम नोंदवायचं, नकाशे तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे आणि काम संपल्यावर जागेवर पुन्हा तपासणी करून घ्यायची. कॅनडात रिक हॅन्सन फाउंडेशन या संस्थेचं इमारतींच्या प्रवेशसुलभतेचं गुणांकन ऐच्छिक आहे. त्याची चांगली गोष्ट अशी, की बांधकामाआधी नुसत्या नकाशांवरूनही ते करून घेता येतं.

आणि भारतातल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४४ पाहा. त्यात दोन फाटकं आहेत. प्रवेशसुलभतेच्या नियमांत न बसणाऱ्या नकाशाला बांधकाम परवानगी नाही; आणि नियम पाळले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला नाही, ताबाही नाही. कलम इतकं स्पष्ट असूनही अडचण राहिली, कारण कायद्याखालच्या नियम १५ नं ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं, त्यांची भाषा शिफारशीची होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत वेगळे काढायला सांगितलं. कायद्यानं ‘केलंच पाहिजे’ म्हणायचं आणि नियमानं ‘केलं तर बरं’ म्हणायचं, ही फट न्यायालयानं नेमकी पकडली. मला विचाराल तर दोन फाटकांची रचनाच योग्य आहे. एक फाटक कागदाचं, एक जागेचं. नुसतं पहिलं असेल तर जागेवर काय उभं राहिलं ते कुणी पाहत नाही. नुसतं दुसरं असेल तर चूक कळते तेव्हा काँक्रीट घट्ट झालेलं असतं.

आता ‘कधी’ हा प्रश्न. माझं उत्तर एकच आहे: जोत्याची उंची ठरण्याआधी. कारण रॅम्प अंकगणितावर चालतो. एकास बाराचा उतार म्हणजे ६०० मिलिमीटरच्या जोत्याला ७.२ मीटर रॅम्प. वर आणि खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा धरा, म्हणजे १०.२ मीटर झाले. जोतं १२०० चं असेल तर नुसता उतार १४.४ मीटरचा होतो. अमेरिकेच्या मानकात एका दमात ७६० मिलिमीटरपेक्षा जास्त चढ घेता येत नाही, म्हणून मध्ये एक विसाव्याची सपाट जागा लागते. सगळं मिळून जवळजवळ १९ मीटर. ही जागा दर्शनी बाजूला कुणी राखून ठेवलेली नसते. मग रॅम्प मागच्या बाजूला जातो, कचऱ्याच्या डब्यांशेजारून, सेवेच्या दारातून. कागदावर नियम पाळला जातो आणि एका माणसाला रोज मागच्या दारानं आत यावं लागतं. मला हे सहन होत नाही. सगळे ज्या दारानं येतात, त्याच दारानं त्यानंही यावं, एवढीच त्याची मागणी असते.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रॅम्पची गरजच पडू न देणं. प्लॉटच्या पातळ्या सुरुवातीलाच हातात असतील तर जोतं खाली घेता येतं. रस्त्यापासून दारापर्यंतची जमीन एकास वीस किंवा त्याहून सौम्य उतारानं चढवत आणता येते. असा रस्ता सगळ्यांनाच सोपा: बाबागाडी घेऊन येणाऱ्याला, सामानाची हातगाडी ओढणाऱ्याला, गुडघे दुखणाऱ्याला. पण हा निर्णय पहिल्या पंधरवड्यातला आहे. दाखल्याची फाइल तयार करताना तो घेता येत नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एका इमारतीला मी ४५० च्या जोत्यासाठी ५.४ मीटरचा रॅम्प काढला होता. बरोबर एकास बारा. नकाशा तपासला गेला, मंजूर झाला. पुढे बाहेरच्या फरसबंदीला पाणी जायला उतार द्यावा लागला, तेव्हा ती रॅम्पच्या पायथ्याशी ६० मिलिमीटर खाली गेली. आत मालकांनी फ्लोअरिंगचा दगड बदलला. तो जाड होता, खालचा मसालाही जास्त लागला, आतली पातळी ३० नं वर आली. चढ ४५० वरून ५४० झाला आणि रॅम्पची लांबी तेवढीच राहिली, कारण पुढे गटाराचं चेंबर होतं. एकास बाराचा एकास दहा झाला. जागेवर हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. उद्घाटनाच्या आधी व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाई रॅम्पवर चढल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. चाकं दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, “हा चढ जास्त आहे.” त्यांच्याकडे मोजपट्टी नव्हती. त्यांच्या खांद्यांना ते कळलं होतं. आम्ही रॅम्प फोडून वळवून घेतला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक नकाशावर रॅम्पजवळ दोन पातळ्या असतात, दोन्ही तयार फ्लोअरिंगच्या. शेजारी ‘यातली एकही बदलली तर काम थांबवून विचारा’ असं लिहिलेलं असतं.

स्वच्छतागृहाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण सर्वांत जास्त दाखले तिथेच अडतात. आत व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ काढून भागत नाही. माणूस व्हीलचेअरवरून कमोडवर सरकतो कसा, हे डोळ्यांसमोर आणावं लागतं. कमोडच्या बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा हवी. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून साधारण ४५० मिलिमीटरवर हवा, नाहीतर भिंतीवरचा आधाराचा दांडा हाताला येत नाही. बैठकीची उंची अमेरिकन मानकात ४३० ते ४८५ मिलिमीटर आहे, म्हणजे खुर्चीच्या बैठकीशी जुळणारी. आणि तो दांडा ज्या भिंतीवर आहे ती भिंत! दांड्यानं २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोंचा भार पेलला पाहिजे. भिंत बोर्डाची असेल आणि आतमध्ये लाकडी किंवा लोखंडी आधार घातला नसेल, तर चकचकीत दांडा पहिल्याच जोरात हातात येतो. टाइल लागल्यावर हा आधार दिसत नाही. म्हणून टाइल लावण्याआधी त्याचा फोटो काढून फाइलमध्ये ठेवा. मी तर तो फोटो नसेल तर पुढच्या कामाला हात लावू देत नाही.

व्हीलचेअरबद्दलच बोलत राहिलो, तर ज्यांना दिसत नाही किंवा ऐकू येत नाही ते बाहेरच राहतील. जमिनीवरच्या उंचवट्यांच्या फरशा आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जपानचे सेइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यात बसवल्या गेल्या. त्यांची भाषा साधी आहे: रेघा म्हणजे या दिशेनं चला, ठिपके म्हणजे सावध, पुढे काहीतरी आहे. ही भाषा आपण बिनदिक्कत बिघडवतो. ठिपक्यांच्या फरशांची नक्षी करतो, रेघा सरळ खांबावर नेऊन सोडतो. पांढऱ्या काठीच्या भरवशावर चालणाऱ्यासाठी ती चुकीची पाटी आहे. अंधुक दिसणाऱ्यांसाठी दरवाजा आणि भिंत यांच्या रंगांत उजळ-गडद असा ठळक फरक लागतो. रंग किती प्रकाश परत फेकतो याचे गुण असतात; ब्रिटिश पद्धतीत दोन रंगांच्या गुणांत ३० चा फरक धरतात. रंग निवडायला बसाल तेव्हा रंगपट्टीमागे छापलेला तो आकडा बघा. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

फाइलमध्ये काय असावं? नकाशे, पातळ्या, दरवाजांची मोकळी मापं, हे तर आहेच. त्याबरोबर एक निवेदन असावं, साध्या भाषेत, इमारतीत येणाऱ्याच्या वाटेनं लिहिलेलं: गाडीतून उतरला, फाटकातून आला, दार उघडलं, चौकशीच्या टेबलाशी गेला, लिफ्टनं वर गेला. जिथे नियम जमला नाही तिथे तसं स्पष्ट लिहा, कारण द्या, पर्याय दाखवा. तपासणाऱ्याला लपवलेली उणीव सापडली की तो बाकीच्या फाइलवरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याची चूक नसते. पुढे काही बदललं तर सुधारित मंजुरी घ्या. माझ्या रॅम्पचं काय झालं ते तुम्ही आत्ता ऐकलंच.

आणि तपासायला दिव्यांग माणसांना बोलावा. नकाशा असताना एकदा, कच्चं काम झाल्यावर एकदा, शेवटी एकदा. त्यांना सल्लागार म्हणून मानधन द्या. ते आपल्यावर उपकार करायला येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांचा करार २००६ चा आहे, आणि त्यांच्यासंबंधीच्या निर्णयांत त्यांना सामील करून घेण्याचं बंधन त्यात सरकारांवर घातलेलं आहे. आपल्या कामाला तेच तत्त्व का लावू नये?

फाइलच्या शेवटच्या पानावर मी एक प्रश्न लिहून ठेवतो आणि उत्तर मिळेपर्यंत सही करत नाही. आग लागली, लिफ्ट बंद झाली, भोंगा वाजतो आहे. चौथ्या मजल्यावर व्हीलचेअरवर एक माणूस आहे. दुसरा एक आहे, त्याला भोंगा ऐकू येत नाही. पहिल्यानं जिन्याजवळच्या कुठल्या सुरक्षित जागेत थांबायचं, तिथून तो कुणाशी बोलणार, त्याला खाली कोण आणणार? दुसऱ्याच्या खोलीत लुकलुकणारा दिवा कुठे आहे? नकाशावर बोट ठेवून मला दाखवा.