मुक्या जेवणाची रात्र

नमस्कार श्रोतेहो. आज सणाचं नाव आधी नीट ऐका. साऊइन. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं पाहून आपण ‘सॅमहेन’ वाचतो, पण म्हणायचं साऊइन. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावही तेच. ३१ ऑक्टोबरला सूर्य मावळला की सण लागतो. पुन्हा सांगते, सकाळी नाही, सूर्य मावळल्यावर. सुगी संपलेली, गुरं माळावरून गोठ्यात आणलेली, हिवाळा दाराशी. या रात्री गेलेली माणसं घरी येतात, असं आयर्लंडमध्ये मानत आले.

तिथे मीथ परगण्यात, अथबॉय गावाजवळ, हिल ऑफ वॉर्ड नावाची टेकडी आहे. या रात्री सगळ्यांनी घरच्या चुली विझवायच्या आणि टेकडीवरच्या जाळातून विस्तव नेऊन पेटवायच्या, अशी तिथली जुनी कथा. आजही पेगन मंडळी, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव आणि ऋतू मानणारी माणसं, मशाली घेऊन ती टेकडी चढतात.

मी डब्लिनला राहत होते तेव्हा शेजारच्या बाई पेगन होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्या वर्षी जुलैत माझे अण्णा गेले. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी बाई म्हणाल्या, “रात्री जेवायला ये. आणि तुझ्या माणसाला आवडायचं ते घेऊन ये.”

दुपारपासूनच त्यांनी मला कंदिलासाठी सलगम कोरायला बसवलं. आपले मुठीएवढे कोवळे नव्हेत, चांगले नारळाएवढे, लाकडासारखे टणक. माझा चमचा वाकला, अंगठ्याला फोड आला. आत मेणबत्ती लावल्यावर झाकण खालून भाजतं आणि जो उग्र वास सुटतो, तो अजून नाकात आहे. भोपळा नंतरचा. अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांना तो तिथे मिळाला, कोरायला सोपा. आता तर प्लॅस्टिकचे विकत मिळतात. मला हे अजिबात पटत नाही. आकाशकंदीलसुद्धा घरीच करावा, कामट्या वाकड्या झाल्या तरी चालतील, हे मी दर दिवाळीला सांगते.

तर अण्णांना काय आवडायचं? चहा. बशीत ओतून, फुंकर घालून. मी थर्मास भरून नेला. बाईंनी निळ्या काठाची कपबशी काढून दिली.

टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी. पहिलं पान तिथे वाढलं. बटाटा, कोबी आणि भरपूर लोणी घालून घोटलेलं कोलकॅनन. मग बसल्यापासून उठेपर्यंत कुणी बोलायचं नाही. लक्षात ठेवा, एक शब्दही नाही. म्हणूनच याला मुकं जेवण म्हणतात. बाईंचा आठ वर्षांचा नातूही गप्प बसून जेवत होता. मुलांना अशा वेळी बाहेर खेळायला पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी अण्णांच्या पानाशी चहा बशीत ओतला. वाफ आली, विरली. हळूहळू वर साय धरली. तीन महिने फोनवर सगळ्यांना “मी बरी आहे” म्हणत होते. इथे कुणी विचारलंच नाही. मी रडले, बाईंनी पावाची थाळी माझ्याकडे सरकवली, आणि जेवण चालू राहिलं.

जेवण झाल्यावर ते पान बाहेर सफरचंदाच्या झाडाखाली ठेवलं. आपण सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघतो, तशी मी दाराशी उभी राहिले. बाई म्हणाल्या, “चहा मुळाशी ओत. बशी घेऊन जा.”

ती बशी माझ्याकडे आहे. एरवी चहा मी कपातूनच पिते. ३१ ऑक्टोबरला, दिवस मावळला की, बशीत ओतते.