ढोकरी आणि दवबिंदू : दोघंही टपलेले

हे बघा, पाण्याच्या कडेला चिखलात ढोकरी उभी आहे, दिसली का? नाही दिसली तरी हरकत नाही, तिचं सगळं पोट न दिसण्यावरच चालतं. मातकट पाठ, छातीवर तपकिरी रेघा, मान आत ओढलेली आणि बाई गपगार. उडाली की मात्र पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि आपण म्हणतो, अरे इथे बगळा होता!

आता कॅमेरा जरा खाली, तिथेच ओल्या मातीवर. जमिनीला चिकटलेलं नाण्याएवढं लालसर चक्र दिसतंय ना, तो दवबिंदू, किडे खाणारं झाड, शास्त्रीय नाव ड्रॉसेरा बर्मानी. जरा झूम करूया. पानावर बारीक केस, प्रत्येकाच्या टोकाला चिकट थेंब, उन्हात असा चमकतो की किडा येऊन बसतोच, आणि बसला की अडकला, मग तो सुटायला धडपडतो तेवढ्यात कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. झाडाच्या मानाने हा स्पीड म्हणजे कहर आहे राव! याच्याच भावकीतल्या दवबिंदूंचे केस पावसाच्या थेंबाने फसत नाहीत, हे डार्विनने 1875 मध्येच लिहून ठेवलंय.

ढोकरीचं हत्यार तिची मान. मानेतला सहावा मणका लांबट असतो, त्यामुळे मान इंग्रजी एससारखी दुमडून ठेवता येते आणि मासा किंवा बेडूक टप्प्यात आला की ती झटक्यात सुटते. घास अख्खा गिळायचा, विषय संपला. दवबिंदू मात्र पाचक रस सोडून किडा तिथेच विरघळवतो, आणि त्याला कित्येक दिवस लागतात.

पण टपून बसणं सारखं असलं तरी भूक सारखी नाही हं. ढोकरीला मासा नाही मिळाला तर ती उपाशी, म्हणून जागा बदलते. दवबिंदू हिरवा आहे, उन्हावर स्वतःचं अन्न बनवतो, किड्यातून त्याला हवा असतो नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण तो वाढतो ती माती अगदीच निकस. म्हणजे किडा हे त्याचं जेवण कमी आणि खत जास्त. गंमत म्हणजे त्याच मातीत आपण खत टाकलं तर शेजारचं गवत उंच होतं, सावली धरतं आणि हा बुटका मरतो. ढोकरीला असले नखरे नाहीत, ती गटाराच्या कडेलाही बेडूक शोधते.