सागाचं पान, हिरड्याचं पाणी

(दृश्य : अंगणात जुनं नऊवारी पातळ उलगडलं जातंय)

नेसून नेसून विरलेलं पातळ. पण अस्सल सुती, म्हणून गोधडीचा वरचा थर याचाच होणार. त्याआधी यावर खऱ्या पानांचे ठसे उमटवायचे. पॉलिस्टरच्या साडीवर पानाचा रंग चढत नाही. घरोघरची कपाटं नेमकी त्याच साड्यांनी भरलीत.

(दृश्य : खलबत्ता, हिरड्याची भुकटी)

हा हिरडा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम डोंगरातला. महादेव कोळी कुटुंबं तो रानातून गोळा करतात. कोवळा बाळहिरडा औषधाला जातो; रंगकामाला लागतो तो पक्का, मोठा हिरडा. रंग पक्का करते ती तुरटी, पण नुसती तुरटी सुती धाग्याला नीट धरत नाही. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आधी मुरलं, की तुरटी घट्ट बसते. म्हणून आधी हिरड्याचं पाणी, मग ऊन, मग तुरटी. बघा, पातळ कसं पिवळसर झालंय! ठसा उमटला की कौतुक पानाचं होतं, हिरड्याचं नाव कुणी काढत नाही.

(दृश्य : सागाची कोवळी पालवी, लाल झालेला तळहात)

पहिल्या पावसानंतरची ही पालवी. हातावर चोळायची, की झाली रानातल्या पोरांची फुकटची मेंदी. जून पानात ही लाली उरत नाही.

पानाची पाठ पातळाला टेकवून ठेवायची. खालच्या बाजूला शिरा उठून असतात, त्या नेमक्या छापल्या जातात. मधे एरंड, कडेला गुलाबाची पानं. वरून दुसरं फडकं, लोखंडाच्या पाण्यात बुडवून पिळलेलं. गंजके खिळे आणि गूळ पाण्यात आंबवून हे पाणी होतं. लोखंड हिरड्याला भेटलं, की काळपट राखाडी रंग येतो.

आता बांबूवर गुंडाळी. सुतळी करकचून आवळायची. जिथे सैल, तिथे पान फिसकटलंच.

(दृश्य : चुलीवरचं पातेलं, वाफ)

दोनेक तास वाफ. उघडायची घाई नाही, गुंडाळी पूर्ण निवू द्यायची.

(दृश्य : सुतळी सुटते, पानं सोलली जातात)

...

जवळून बघा. पानाला अळीनं पाडलेलं भोकसुद्धा उमटलंय.

(दृश्य : चार बायका, चार कडा)

खाली जुनी धोतरं, वर हे पातळ. शिवण कडेनं सुरू होते आणि फेऱ्या घेत आत सरकते. टाका साधा धावदोऱ्याचाच, पण सगळे थर एकदम उचलणारा. मधे पातळ सरकू नये म्हणून मावशी स्वतःच गोधडीवर बसल्यात.

कडक उन्हात हा रंग हळूहळू उतरतो. रिठ्यानं धुवा, सावलीत वाळवा. आणि विकत घेताना भाव पाडून मागू नका.

(दृश्य : पुढचं पातळ हिरड्याच्या पाण्यात)