चिठ्ठी उघडायच्या आधी

नमस्कार मंडळी. आपल्या नवी मुंबईत सोडत म्हटलं की पहिल्यांदा आठवतात ती सिडकोची घरं. इथल्या कितीतरी जणांनी अर्ज भरून नाव लागायची वाट बघितलीये, त्यामुळे नशिबावर सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. पण निवडणुकीत दोघांना सेम मतं पडली तर तिथेही हेच करतात, आणि ते कायद्यातच आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ६५. अधिकाऱ्याने लगेच चिठ्ठी काढायची आणि ज्याच्या बाजूने कौल लागेल त्याला एक मत जास्त पडलंय असं धरायचं.

महापालिकेचा कायदा वेगळा, पण चिठ्ठी तीच. २०१७ला मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर, दोघांनाही ५,९४६ मतं. फेरमोजणी करूनही तेच. शेवटी एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली आणि शहा निवडून आले. काही लोक म्हणाले हा काय पोरखेळ, पण लहान मूल बोलवायची पद्धत फार जुनी आहे हो! तामिळनाडूत उत्तरमेरूरला चोळांच्या काळातला, दहाव्या शतकातला शिलालेख आहे, गावची समिती निवडायला ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकायची आणि ज्याला यातलं काही कळत नाही अशा लहान मुलाने ती काढायची. त्या मुलाचा कुणाशी हिशोब नसतो, म्हणून सगळे ऐकतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की चिठ्ठी वाईट नाही, पण नियम आधी मोठ्याने सांगितला पाहिजे. २०२४ची हिमाचलची राज्यसभा घ्या. काँग्रेसचे अभिषेक मनू सिंघवी ३४ मतं, भाजपचे हर्ष महाजन ३४. चिठ्ठी निघाली सिंघवींच्या नावाची आणि ते हरले! कारण तिथे ज्याचं नाव निघेल तो बाद असा अर्थ लावला होता. सिंघवी कोर्टात गेले, आणि मला विचाराल तर सामान्य माणसाला ही गोष्ट पटणं अवघडच आहे.

अमेरिकेत नेवाडात पत्ते काढतात. २००२ला एका काउंटीत दोन्ही उमेदवारांनी पत्ता उचलला तर दोघांनाही गुलाम! एक इस्पिकचा, एक चौकटचा. इस्पिक मोठा, म्हणून इस्पिकवाला जिंकला. तिकडे पत्त्यांचीसुद्धा मोठी-लहान आधीच ठरलेली, हे मला आवडतं.

व्हर्जिनियाचं तर याहून मोठं. तिथल्या विधानसभेसाठी २०१७च्या निवडणुकीत फेरमोजणीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स एका मताने पुढे गेल्या, मग एका मतपत्रिकेवरून वाद झाला, दोन्ही नावांपुढे खूण होती आणि एक खोडलेली, कोर्टाने ती समोरच्या रिपब्लिकन डेव्हिड यान्सींना धरली आणि झाले दोघांना ११,६०८. नावं फोटोच्या रिळाच्या डब्यांत घालून ते डबे एका भांड्यात टाकले, यान्सी निघाले आणि अख्खं सभागृह रिपब्लिकन ५१, डेमोक्रॅट ४९ असं झालं, सायमंड्स निघाल्या असत्या तर ५०-५०. दोन वर्षांनी त्या मतं घेऊन तिथूनच निवडून आल्या.

आता आमच्या सोसायटीचं सांगतो. कमिटीच्या एका जागेला टाय झाला, घाईत चिठ्ठ्या केल्या, एक वहीच्या जाड पानाची आणि दुसरी बिलाच्या पातळ कागदाची, आणि हरलेले काका म्हणाले हाताला कळत होतं. त्यांचं खरंच होतं, आम्हाला उत्तर देता आलं नाही, आणि मिटिंगला त्यांनी येणंच सोडलं. पुढच्या वर्षी पार्किंगचं वाटप होतं तेव्हा मी एकाच वहीची पानं सगळ्यांसमोर फाडली, घड्या त्या काकांकडूनच घालून घेतल्या, पहिली निघेल त्याला कुठली जागा ते फळ्यावर लिहिलं, आणि मगच वॉचमनच्या मुलीला डब्यात हात घालायला सांगितलं.